शंभर मोजल्याशिवाय बोलू नये

कुणी ‘शंभर टक्के’ म्हणालं की मला अजून ओल्या गोणपाटाचा वास येतो. आणि जीभ शिवशिवते विचारायला, की बाबा रे, मूठ डोळे मिटून भरली होतीस का? शक्यतो विचारत नाही. एकदा भाचीच्या लग्नाच्या बोलणीत मुलाकडचे म्हणाले, “मुलगा शंभर टक्के निर्व्यसनी,” आणि मी विचारून बसले. लग्न झालं, सुखाचं झालं, पण पुढच्या बैठकीला मला कुणी बोलावलं नाही.

ही खोड मला लावली आमच्या घरमालकांनी. सगळं गाव त्यांना आबा म्हणायचं, म्हणून मीही आबाच म्हणत आले. राहू आणि खुटबावच्या अधेमधे कुठंतरी एक गाव आहे असं समजा. नाव मुद्दाम सांगत नाही. आमच्या हेडसरांची नातवंडं तिथंच नांदतात आणि मला अजून त्या बाजूनं जावं लागतं.

मी मूळची दौंडची. वडील रेल्वेत, सगळं बालपण क्वार्टरमधे गेलेलं, तोंडाची फटकळ. अकरावीची मॅट्रिक नुकतीच जाऊन दहावीची आली होती, त्या दिवसांत गावच्या हायस्कुलात मराठी आणि इतिहास शिकवायला माझी नेमणूक झाली. पिशवी खांद्याला लावून खोली शोधत निघाले. पहिल्या घरी खोली रिकामी होती. त्यांनी आडनाव विचारलं, मी सांगितलं, तर त्या खोलीत कांदे भरायचे आहेत असं निघालं. दुसऱ्या घरी आडनाव ऐकल्यावर पुण्याहून भाऊ राहायला येणार असं निघालं. तिसऱ्या घरापर्यंत माझं डोकं चांगलंच फिरलं होतं. अंगणात एक म्हातारा उकिडवा बसून खाली बघत होता. मी उभ्या उभ्याच म्हटलं, “मी शाळेतली नवी बाई. बौद्ध आहे. खोली द्यायची नसली तर आत्ताच सांगा, उगाच कांदे आणि भाऊ नकोत.”

म्हाताऱ्यानं मान वर न करता नुसता हात वर केला. “थांबा. शहात्तर... सत्त्याहत्तर...” मी थांबले. करते काय! शंभर झाल्यावर त्यानं डोक्यावरची टोपी सारखी केली आणि म्हणाला, “आता बोला.”

मी पुन्हा सगळं बोलले. पहिल्या खेपेचा जोर मात्र आता राहिला नव्हता.

“तुमच्यातलं कुणी आजवर माझ्या घरात ऱ्हायलं न्हाई,” आबा म्हणाले. “म्हंजी त्यातलं मला काय बी म्हाईत न्हाई.”

“मग?”

“मग काय? शंभर जण ठिवल्याबिगर बरं का वाईट कसं सांगणार मानसानं? तुम्ही पयल्या. सामान आणा.”

आतून बाईमाणसाचा आवाज आला, “म्हंजी अजून नव्व्याण्णव आणनार का काय घरात?” त्या जिजी, आबांच्या मंडळी. माहेर वडगाव रासाईचं, आणि बोलणं असं की समोरचा गार पडावा. त्या दिवसापासून मी त्यांच्या पडवीला लागून असलेल्या खोलीत राहायला लागले, आणि चार वर्षं राहिले.

आबांचं हे शंभराचं वेड कुठनं आलं, ते दुसऱ्याच दिवशी कळलं. ते शिरूरकडच्या एका सरकारी बियाणांच्या फार्मावर तीस वर्षं कामाला होते. शिक्षण चौथी. कामाला लागले तेव्हा साहेबानं त्यांना एकच गोष्ट शिकवली: बियाणाची उगवण काढायची. पोतं चांगलं हलवायचं, डोळे मिटायचे, मूठ भरायची. त्या मुठीतले शंभर दाणे जसे येतील तसे मोजून घ्यायचे, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळींत मांडायचे, गोणपाटाची वळकटी करून सुतळीनं बांधायची आणि सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडायचं. चौथ्या दिवशी उघडून मोड आलेले मोजायचे, ती पहिली मोजणी. पुन्हा गुंडाळायचं आणि आठव्या दिवशी पुन्हा मोजायचं, ती शेवटची मोजणी. शंभरातले जेवढे उठले, तेवढे टक्के. झालं टक्क्याचं गणित! भागाकार आबांना शेवटपर्यंत आला नाही. त्यांना त्याची गरजच पडली नाही. आम्ही भागाकार करतो कारण आम्हाला शंभर मोजायचा कंटाळा असतो, असं त्यांचं मत होतं.

निवृत्त झाल्यावर फार्म सुटला, शंभर काही सुटले नाहीत. गावातले लोक पेरणीआधी आपापलं बी त्यांच्याकडे आणून द्यायचे, त्यामुळे पडवीत कायम दोन-चार वळकट्या भिंतीला टेकलेल्या असायच्या. ते ठीक होतं. पण बाकीच्या जगाचीही ते उगवण काढायचे. खिडकीत बिस्किटांच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यांची रांग असे. ज्या गोष्टीची चौकशी चालू असेल तिच्यासाठी दोन डबे. गोष्ट घडली की उजव्यात ज्वारीचा एक दाणा, घडली नाही की डाव्यात. दोन्ही मिळून शंभर झाले की आबा डबे पालथे करायचे, उजव्यातले मोजायचे आणि निकाल सांगायचे. तोवर अवाक्षर नाही. “शंभर मोजल्याबिगर बोलू ने,” हे त्यांचं ब्रीद.

त्यांचे काही निकाल मला अजून पाठ आहेत. ‘येतो उद्या’ म्हणून गेलेली माणसं शंभर, त्यातली खरंच आली ती एकेचाळीस. घरात हरवलेल्या वस्तू शंभर, त्यातल्या ‘मी तिथंच ठेवली होती’ असं म्हणणाऱ्याच्याच खिशात-पिशवीत सापडल्या त्या अठ्ठ्याण्णव. चहाचा निकाल सगळ्यात भारी. आल्यागेल्याला जिजी विचारायच्या, चहा घेता का. ‘नको नको’ म्हणालेले शंभर जण मोजून झाले, त्यातले नव्व्याण्णव चहा प्याले. “आन् योक ऱ्हायला तो खरंच नको म्हणत व्हता,” आबा सांगायचे, “त्याला जुलाब लागलेले.”

जिजींच्या भाकऱ्याही सुटल्या नाहीत. एके दिवशी जेवता जेवता म्हणाले, “शंभरातल्या चार करपल्या.”

“आन् शंभरातल्या तुम्ही किती थापल्या, ते बी मोजा की,” जिजी म्हणाल्या. आबांनी प्रामाणिकपणे विचार केला आणि सांगितलं, “त्याला डबा लागायचा न्हाई.”

त्यांची एकुलती एक लेक खुटबावला दिलेली. जावई भला माणूस, पण सासऱ्यापुढं सदा घामाघूम. का, ते मला जिजींनी सांगितलं. लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि कुणी विचारलं, आबा, जावई कसा मिळाला, तर आबा म्हणायचे, “अजून त्र्याऐंशी खेपाच आलाय. सतरा ऱ्हायल्यात.” बिचारा जावई उरलेल्या सतरा खेपा लवकर उरकाव्यात म्हणून दर बाजाराला यायला लागला. शंभराव्या खेपेला पुरणपोळी केली. जेवण झाल्यावर आबांनी डबा पालथा केला, दाणे मोजले आणि म्हणाले, “शहाण्णव येळा तोंडभरून हसत आलासा. चार येळा तोंड पाडून. त्या चार येळा काय झालतं?” जावयाला चारही वेळा आठवल्या. प्रत्येक खेपेला येताना त्याची सायकल पंक्चर झालेली होती. आबा खूष! सासरा-जावई त्यानंतर एका ताटात जेवायला लागले.

शाळेतले गणिताचे सर आबांना हसायचे. म्हणायचे, “ह्यांना बारातले तीन म्हणजे किती टक्के ते विचारा, आणखी अठ्ठ्याऐंशी आणायला जातील.” मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नसे. आमच्या सरांची निम्मी पोरं टक्केवारीच्या उदाहरणात शंभर वर मांडायचे की खाली, एवढ्यावरच आपटायची. आबांचं शंभर कधी हललं नाही. कुणी टक्का सांगितला की ते आधी विचारायचे, “शंभर कोण?” म्हणजे कशातले, कुणी निवडलेले, कसे घेतलेले. त्याचं उत्तर मिळालं नाही तर तो टक्का त्यांच्या लेखी हवेतला.

आता जरा नाजूक भाग येतो. ह्यात मी वाईट वागलेली आहे, तेव्हा लवकर सांगून टाकते.

माझ्या दुसऱ्या वर्षी मी दहावीची वर्गशिक्षिका होते. वर्गात पंचवीस मुलं, त्यातल्या मुली चार. दिवाळीनंतर बोर्डाचे फॉर्म भरायचे होते. हेडसरांनी मला ऑफिसात बोलावलं. हेडसर वाईट नव्हते, हे आधी सांगते. घरची तीन एकर गव्हाची शेती सांभाळून शाळा चालवायचे, आणि शाळेच्या भिंतीला गिलावा करायचा होता तेव्हा स्वतः पाट्या वाहिल्या होत्या. पण आदल्या वर्षी शेजारच्या गावच्या शाळेनं वेशीवर बोर्ड लावला होता, ‘निकाल ९२ टक्के’. तो बोर्ड हेडसरांच्या घशात अडकला होता.

“बाई, ह्या वर्षी आपल्याला शंभर टक्के पाहिजे,” ते म्हणाले. “सहामाहीचे मार्क बघा आणि जे पास व्हायचे नाहीत त्यांची यादी काढा. त्यांचे फॉर्म पुढच्या वर्षी भरू.”

“पण सर, सहामाही म्हणजे...”

“तुमची नेमणूक अजून कायम व्हायचीय ना? मला शेरा लिहायचाय.” हे त्यांनी अगदी गोड आवाजात सांगितलं.

मी यादी काढली. खोटं कशाला बोलू, रडत-कुढत वगैरे नाही, शिस्तीत काढली. वर्गाच्या यादीत सहा नावांवर लाल पेन्सिलीनं रेघा मारल्या, त्याही पट्टी लावून. तिसरं नाव हिराचं होतं.

हिरा म्हणजे शेवंती-झेंडूच्या मळ्यातल्या आप्पांची मुलगी. रोज सकाळी शाळेच्या आधी जिजींच्या देवाला फुलं घेऊन यायची. मराठीत चांगली, इतिहासात बरी, गणितात सहामाहीला सव्वीस. आप्पांनी घरात सांगून टाकलं होतं, “फारम भरला तर परीक्षेपातूर थांबतो. न्हाई भरला तर माघात उरकून टाकायचं.” मुलाकडचे बघून गेलेले. हिराला लग्नाचं वावडं नव्हतं, पण तिला आधी नर्सिंगला जायचं होतं. हे ती मला सोडून सगळ्यांना सांगायची, कारण माझी तिला भीती वाटायची.

यादी दिल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फुलांची परडी जिजींकडे देऊन ती माझ्या दाराशी आली. धीर करून म्हणाली, “बाई, फारम कवा भरायचा?”

मी म्हटलं, “बघू.”

त्या ‘बघू’ची मला अजून लाज वाटते. खोली शोधत हिंडताना मलाही दोन दारांत असंच काहीबाही ऐकवलं होतं. तेव्हा माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. आता मीच ‘बघू’ म्हणत होते.

त्यानंतर आठ-पंधरा दिवस गेले असतील. एका संध्याकाळी मी वह्या तपासत पडवीत बसले होते. आबा समोर येऊन बसले आणि घसा खाकरत म्हणाले, “बाई, मी आज माझा नेम मोडतोय. शंभर झालं न्हाईत तरी बोलतो.”

जिजींच्या हातातला तांब्या हातातच राहिला. असं कधी घडलं नव्हतं.

“तुम्ही सकाळी शाळेला निघताना दारातनं वळून ‘येते हं जिजी’ म्हणता. औंदा जूनपासनं मी त्याचा डबा ठिवलाय. पयल्या शंभरात त्र्याण्णव येळा म्हणला. दुसऱ्या शंभरातले आत्ताशी बारा दिवस झाल्यात. बाराच्या बारा दिवस तुम्ही खाली मुंडी घालून गेलाय. काय झालंय?”

माझ्या येते-हं-जिजीचा कुणी डबा ठेवला असेल हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. आईनं सुद्धा कधी एवढं मोजलं नसेल. मी भडाभडा सगळं सांगितलं. बोर्ड, शेरा, यादी, रेघा.

आबांनी एकच विचारलं, “सहा जण मूठ भरून काढले का निवडून?”

“निवडून.”

“त्यात आपली हिरी बी?”

मी मान हलवली. जिजी म्हणाल्या, “बाई, तुम्ही?” तेवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

“वर्गात पंचवीसच हाईत न्हवं?” आबा बोटं मोजत म्हणाले. “शंभर करायचं तर एकाचे चार धरावे लागत्यात. म्हंजी एक हिरी काढली तवा चार काढल्या. सहा काढले तवा चोवीस गेले. शंभरातले चोवीस किडके म्हणून आधीच फेकल्यावर ऱ्हायल्यांत शंभर टक्के कोण बी आणंल. मी आणीन, आमची म्हस आणंल.” आणि वर, “फार्मावर आसं कुणी केलं तर सायेब त्याला घरी धाडायचा.”

मी विचारलं, आता काय करू. ते म्हणाले, “तुम्ही काय करू नका. गव्हाची पेरणी आलीया.” मला काही उलगडा झाला नाही.

पण रविवारी हेडसर गव्हाच्या बियाणाची पिशवी घेऊन आबांच्या दारात हजर! दरवर्षी यायचे. चहा नको म्हणाले, चहा प्याले, आणि आठ दिवसांनी येतो म्हणून गेले. ते गेल्यावर आबांनी परातीत गहू ओतला, चष्मा लावला आणि एकेक दाणा निवडायला लागले. टपोरा, गोल, चकचकीत तेवढा बाजूला. असे शंभर निवडले आणि एक वळकटी बांधली. मग उरलेला गहू निवडलेल्यांसकट... नाही, चुकले. निवडलेले तर गोणपाटात गेलेले. तर पिशवीच्या तळाचा, हात न लावलेला गहू त्यांनी नीट हलवला, डोळे मिटून मूठ भरली, आणि त्यातले शंभर जसे आले तसे दुसऱ्या वळकटीत मांडले. पहिलीला तांबडा दोरा, दुसरीला पांढरा. तीस वर्षांत दाणे निवडल्याचं मी पयल्यांदा बघतीया, असं जिजी म्हणाल्या. आबांचा चेहरा चोरी करताना पकडल्यासारखा झाला होता.

पुढच्या रविवारी हेडसर आले. मी खोलीतच होते, आबांनी मला मुद्दाम पडवीत बोलावून बसवलं. आबांनी तांबड्या दोऱ्याची वळकटी सोडली. पांढरे लुसलुशीत मोड, ओळीनं. मोजले. “सत्त्याण्णव.”

हेडसरांना कोण आनंद! “वा, आबा! घरचं बियाणं आहे म्हटलं! मग एकरी जरा कमी पेरलं तरी चालेल.”

“चालंल की,” आबा म्हणाले. “मी निवडूनच घेतलं व्हतं. टपोरं तेवढं.”

हेडसर आधी हसले. मग त्यांच्या लक्षात आलं. “निवडून? आबा, खुळे झालात का? निवडून घेतल्यावर त्या सत्त्याण्णवाला अर्थ काय राहिला? रानात काय निवडलेलेच दाणे पडणार आहेत? पोत्यात आहे ते सगळं पडणार! ह्या भरवशावर पेरलं असतं तर वावर मोकळं दिसलं असतं माझं!”

“व्हय?” आबांनी शांतपणे चष्मा काढला. “मग सर, वर्गाचं बी तसंच आसंल की.”

हेडसरांनी माझ्याकडे बघितलं. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झालेले. “हे तुम्ही सांगितलंत, बाई?”

“हो सर,” मी म्हटलं.

आबांनी आमच्याकडे लक्षच दिलं नाही. त्यांनी पांढऱ्या दोऱ्याची वळकटी सोडली. “ही डोळं मिटून घेतलेली. एकाहत्तर. ह्या हिशोबानं पेरा, सर. आन् आजूक एक बघा. चौथ्या दिवशी उघडली तवा अठ्ठावनच व्हते. तेरा जण मागनं उठले. चौथ्याच दिवशी ह्यांस्नी उकिरड्यावर टाकलं असतं तर?” मग तांबड्या वळकटीतले तीन कोरडे दाणे हेडसरांच्या तळहातावर ठेवून म्हणाले, “आन् हे निवडलेल्यांतलं. लई टपोरं व्हतं. तरी ऱ्हायलं.”

जिजींनी विचारलं, “चहा घेता का?” हेडसर काही न म्हणता प्याले. ते ना उजव्या डब्यात बसत होते, ना डाव्या. आबांची थोडी पंचाईत झाली.

सोमवारी तिसऱ्या तासाला शिपाई वर्गात आला. हातात सहा कोरे फॉर्म आणि एक चिठ्ठी. चिठ्ठीवर हेडसरांच्या अक्षरात एवढंच, ‘निळी शाई वापरावी. खाडाखोड नको.’ मी हिराला पुढं बोलावून तिच्या हातात फॉर्म दिला, तर तिनं तो आधी उलटा धरला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दारातनं वळून ‘येते हं जिजी’ म्हटलं, आणि खिडकीत टण्‌ आवाज झाला.

आता तुम्हाला वाटेल, पंचवीसच्या पंचवीस पास झाले. कुठलं हो! जूनमधे निकाल लागला, वीस पास. लाल रेघेतल्या सहांपैकी तिघे निघाले. आणि ज्यांच्याबद्दल आम्ही छातीवर हात ठेवून सांगत होतो, त्या एकोणीसमधले दोघे आपटले. त्यातला एक तर वर्गात दुसरा यायचा. म्हणजे माझ्या रेघा तशाच राहिल्या असत्या, तरी हेडसरांचा शंभराचा बोर्ड काही लागला नसता. हेडसरांनी तीन दिवस कुणाशी बोलणं टाकलं. चौथ्या दिवशी मला म्हणाले, “तीन दाणे मी अजून जपून ठेवलेत, बाई.”

पण हिरा नापास झाली होती. गणितात एकोणतीस. सहा मार्कांनी गेली.

मी घरी येऊन आबांना म्हटलं, “ऐंशी टक्के.” त्यांनी भिंतीवर कोळशानं ८० लिहिलं आणि म्हणाले, “ही पयली मोजणी.” मग टोपी घातली आणि मळ्याकडे निघाले. मीही मागोमाग गेले. आप्पा वाफ्यात उभे होते, चेहरा ठरवलेला.

“आबा, आता काय बोलू नगा. परीक्षेपातूर थांबलो. माझा शब्द संपला.”

“मी पोरीचं बोलायला आलोच न्हाई,” आबा म्हणाले. “तुझ्या कांद्याच्या बियाचं इचारायला आलोय. ते मी कितव्या दिवशी मोजतो?”

“बाराव्या.”

“सहाव्या दिवशी न उठलेलं फेकून दिलं तर?”

“मग कांदा लावायचाच कशाला?”

“मग पोरगी सहाव्या दिवशी का उकरतोस, लेका? आक्टोबरात परीक्षा हाय.”

आप्पांनी खूप वेळ खुरप्यानं माती उकरली. शेवटी म्हणाले, “आक्टोबरपातूर. फुडं योक दिस न्हाई.”

त्या पावसाळ्यात हिरा रोज संध्याकाळी पडवीत यायची. बीजगणित गणिताच्या सरांनी घेतलं, कुरकुर करत का होईना, पण फुकट घेतलं. टक्केवारी आबांनी घेतली, ज्वारीचे दाणे मांडून. सर एकदा ऐकत उभे राहिले आणि पुढच्या आठवड्यापासून वर्गात ज्वारी घेऊन जायला लागले. मी तिथं बसून वह्या तपासायचे आणि हिरा आता मला घाबरत नव्हती. उलट मीच तिला जरा बिचकून असायचे.

ऑक्टोबरच्या परीक्षेचा निकाल थंडीत लागला. गव्हाची पेरणी उरकत आली होती, तरी पडवीत उशिरा पेरणाऱ्यांच्या वळकट्यांची गर्दी होती. मी शाळेतनं अक्षरशः पळत आले, चपलेचा अंगठा तुटला तो हातात घेऊन. गणितात एक्केचाळीस! हिरा माझ्या आधीच येऊन जिजींच्या गळ्यात पडून रडत होती, आणि जिजी तिला रागावत होत्या, की परडीतली फुलं चेंगरली.

आबा उठले. भिंतीवरचा ८० ओल्या फडक्यानं पुसला आणि कोळशानं ८४ लिहिलं. जूनपासून त्यांनी त्या आकड्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. “एका हिरीचे चार,” ते म्हणाले. “आता झाली मोजणी.”

मला काय वाटलं कोण जाणे. इतके दिवस मनात होतं ते विचारून टाकलं. “आबा, तुम्ही माझ्यावर कधी रागावला नाहीत. रेघा तर मीच मारल्या होत्या. पट्टी लावून.”

आबा पडवीत बसले. एक वळकटी मांडीवर घेऊन तिच्यावर पाणी शिंपडत म्हणाले, “चौथ्या दिवशी बघितलं तवा तुम्ही बी कोरड्याच व्हता, बाई. वाईट वाटलं मला. पण म्हणलं, आठव्या दिसापातूर गोणपाट ओलं ठिवायचं, एवढंच आपलं काम. उठायचं का न्हाई ते दाण्याचं दाणा बघंल.”

मी हिरापेक्षा मोठ्यानं रडले. चपलेचा तुटका अंगठा हातात धरून रडले, हे जिजी पुढं कितीतरी वर्षं लोकांना सांगत होत्या.

रडणं ओसरल्यावर जिजींनी विचारलं, “चहा घेता का, बाई?”

मी म्हटलं, “नको नको.” आणि प्याले. आबांनी हात लांब करून खिडकीतल्या उजव्या डब्यात एक दाणा टाकला.